थोरल्या बाईंचा लाल कुत्रा

१

"कुत्रा गेला! थोरल्या बाईंचा कुत्रा गेला!" असं ओरडत राजवाड्याचा माणूस माझ्या दारात आला, तेव्हा मी उभ्या उभ्या मक्याची पेज पीत होते. बसून पिणं मला जमत नाही. एका जागी टेकले की पायांत मुंग्या येतात आणि उगाच वाटत राहतं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय. त्या दिवशी खरंच बिघडलं होतं.

मी इश-मुयाल. सक-नाब नगराच्या राजवाड्यात येणारं प्रत्येक भांडं आधी माझ्या हातून जातं. बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर आत, बदबदलं तर परत. कुंभारणी माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला पाठ आहे.

कुत्रा म्हणजे मातीचा. लाल, गुबगुबीत, एका डोळ्याभोवती काळा डाग, एक कान फाटका, पाठीवर भांड्याचं तोंड. थोरल्या बाई चाळीस वर्षं रोज सकाळी त्यातून कोको प्यायल्या. त्याचे चारी पाय पोकळ, आणि पायांत मातीच्या गोळ्या. हलला की खुळखुळायचा. मेल्यावर अंधारी नदी ओलांडताना कुत्रा पुढे चालतो, त्याचा आवाज ऐकत माणसानं मागून जायचं. म्हणून त्या गोळ्या.

बाई तीन दिवसांपूर्वी गेल्या. देवळाखालचं थडगं तयार होतं आणि ऊन डोक्यावर आलं की झाकण बसवायचं, हा दिवस मोजणाऱ्यांनी काढलेला मुहूर्त. त्याआधी मुलानं कुत्र्याच्या तळाला भोक पाडायचं, म्हणजे भांड्याचा जीव सुटतो आणि तो बाईंबरोबर चालू लागतो. आदल्या संध्याकाळी सगळ्या वस्तू थडग्याबाहेरच्या खोलीत मांडून झाल्या होत्या. सकाळी कुत्र्याचा कोनाडा रिकामा.

मी चौकात पोचले तेव्हा धनी कान-तोक मधोमध उभे होते. तीन दिवस उपास, तीन दिवस झोप नाही, डोळे तांबारलेले.

"आई त्या अंधारात एकटी जाणार नाही," ते म्हणाले. "कुत्रा नसेल तर माणूस जाईल. शेवटचा घोट कुणी दिला तिला?"

हीच आमची रीत. कुत्रा नसला, तर ज्या हातानं मेलेल्याला शेवटचा घोट पाजला, त्या माणसानं सोबतीला जायचं. परत यायचं नाही.

"निकनं," कारभारी हुन-ओल म्हणाले. "रोज तीच पाजायची."

निक पुढे झाली. बाईंची दासी, वय साठीच्या पुढे, अंगावर नवाकोरा पांढरा झगा, केस चापूनचोपून विंचरलेले. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता.

"नाही," धनीणबाई मागून म्हणाल्या. धाकट्या बाई, तुन. "निक फुलं आणायला गेली होती. सोत्स कुंभारणीची लेम ताटल्या द्यायला आली होती. सासूबाईंनी कोको मागितला, मीच म्हटलं, दे गं पोरी. त्या लेमच्या हातून दोन घोट प्यायल्या. निक आली तोवर संपलं होतं."

"खोटं!" निक इतक्या जोरात ओरडली की खांबावरचे पोपट उडाले. "शेवटचा घोट माझ्या हातचा! मी ओठांना लावला!"

"लावलास गं. पण तो गळ्यावरून ओघळला. मीच पुसला."

निक मटकन खाली बसली. म्हाताऱ्या दासीचा मान दुखावला, एवढंच आम्हा सगळ्यांना वाटलं. आणि पंधरा वर्षांच्या लेमला शिपायांनी दंडाला धरून ओढत आणलं, तेव्हा निककडे बघायला कुणाला सवड होती?

तेवढ्यात दुसरा शिपाई धावत आला. त्याच्या ओंजळीत लाल खापरं होती: एक कान आणि एक पाय.

"सोत्सच्या राखेच्या ढिगात सापडली, धनी. कुत्र्याचीच आहेत!"

२

सोत्सचं आणि माझं तीस वर्षांचं भांडण. तिची किती भांडी मी परत धाडली त्याला गणती नाही. पण त्या दिवशी ती चौकात आली ती थेट माझ्या गळ्यात पडली.

"मुयाल, माझी पोर! अगं, काहीतरी कर! माझं ऐकत नाहीयेत मेले!"

"रडू नको. आधी खापरं बघू दे."

मी कान हातात घेतला, उलटा केला आणि जिभेवर ठेवला. आजूबाजूचे लोक तोंड वाकडं करून बघत राहिले. बघू देत. ज्या मातीनं चाळीस वर्षं कोको प्यायलाय ती जिभेला कडू लागते, कितीही धुवा. हिला नुसती राखेची चव होती. पायाचा तळवाही घासलेला नव्हता. कडा आतून काळ्या, म्हणजे भाजताना आतल्या आत फुटलेलं भांडं.

"धनी, हा बाईंचा कुत्रा नाही. यात कोकोचा थेंबही कधी पडलेला नाही. हा जन्मतानाच फुटलाय."

"मग हिच्या घरात कुत्रा आला कसा?" कारभाऱ्यांनी डोळे वटारले. "हे रूप फक्त धन्याच्या घरचं. कुणी बनवायला सांगितला तुला?"

सोत्सनं ओठ घट्ट मिटले. मी तिला कोपरानं ढोसलं.

"बोल की! पोरगी चाललीय आणि तू गप्प?"

"कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यासाठी बनवत होते. आयुष्यभर धन्याच्या घरासाठी कुत्रे बनवले, तोही माती तुडवायचा. तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय ठेवलं मी? एक वाडगा. रोज स्वप्नात येतो, वाट सापडत नाही म्हणतो. म्हणून चोरून बनवला, त्याच्यापाशी पुरायला. घाईत नीट वाळवला नाही, फुटला. काय शिक्षा द्यायची ती मला द्या!"

धन्यांनी तोंडावरून हात फिरवला. ते वाईट मनाचे नाहीत, पण त्यांची आई मेली होती.

"ते नंतर बघू. म्हणजे चोर ही नाही. पण कुत्रा कुठाय, मुयाल?"

"शोधते."

"या घरातलं प्रत्येक भांडं तू ओळखतेस. ऊन डोक्यावर येईपर्यंत शोध." त्यांनी चौकातल्या खांबाकडे बोट केलं. त्याची सावली अजून दोन हात लांब होती. "सावली खांबाच्या पायाशी आली की झाकण बसेल."

कोपऱ्यात दोन बायका लेमच्या हातांना निळा रंग, सोबतीला धाडायच्या माणसाला लावतात तो, फासू लागल्या होत्या. पोर रडतही नव्हती. आपल्या हाताकडे कुणा दुसऱ्याचा असावा तशी बघत होती. मला तिथे उभं राहवेना.

३

"कारभारी, काल संध्याकाळी दारात तुम्ही होतात?"

"मीच. पहाटेपर्यंत. क्षणभर हललो नाही. दार एकच."

"आत कोण कोण आलं?"

"सोत्स वाडगे ठेवून गेली. धाकट्या बाई बाईंचे जेडचे मणी घेऊन आल्या. निक फुलांच्या टोपल्या घेऊन तीन-चारदा आली-गेली. मी स्वतः तर होतोच. बस."

"टोपल्या तपासल्यात?"

"दासीच्या टोपल्या काय तपासायच्या? आणि धाकट्या बाईंच्या पदराखाली हात घालू काय?" कारभारी चिडले. मग त्यांनी कानाला हात लावला. "पण मुयाल, मी शपथेवर सांगतो. तो कुत्रा माझ्यासमोरून गेलेलाच नाही. डोळ्यांचं सोड, अंधार पडत होता. पण कान? तो हलला की खुळखुळतो. बोटभर हलला तरी. काल संध्याकाळी मी ते ऐकलेलं नाही."

"पायांत कापूस कोंबला असेल."

"पायांना भोकं केवढी? मुंगी जाईल एवढी. तूच सांग."

खरंच होतं. वाफ जायला ठेवलेली सुईएवढी भोकं, त्यात कापूस काय जाणार! दाराबाहेर मी दोनदा येरझाऱ्या घातल्या. एक कुत्रा, एक दार, आणि आवाज नाही.

धाकट्या बाई आपल्या खोलीत कपाळाला पट्टी बांधून बसल्या होत्या. मी गेल्याबरोबर त्या फणकारल्या.

"या! आता माझी पाळी का? विचार, विचार. होय, मला तो कुत्रा हवा होता. सासूबाई म्हणायच्या, तुन, माझ्यामागं हा तुझा. आणि मरताना म्हणाल्या, मी घेऊन जाते. राग आला होता मला."

"मग काल पदराखालून नेलात?"

"नेऊन ठेवू कुठे गं? सगळं राज्य ओळखतं त्याला. पाहुण्यांपुढे काढू? चोरलेला कुत्रा घरात ठेवला तर मेलेलं माणूस रोज दारात येऊन बसतं. एवढी अक्कल आहे मला." त्या कडू हसल्या. "आणि मला तो नेता तरी आला असता का? एकदा, नवी नवरी असताना, सकाळी मी कोको घेऊन गेले. चार पावलं टाकली नाहीत तोच खुळखुळखुळ! सासूबाई उठून बसल्या. म्हणाल्या, सून आली की भूकंप आला? निक आणते तेव्हा कोको ओठाशी येईपर्यंत मला कळत नाही. सगळ्या दासी खिदळल्या. पंधरा वर्षं झाली, अजून विसरले नाही मी."

"लेमचं नाव तुम्ही का घेतलंत?"

"कारण ते खरं होतं." त्यांनी नजर खाली वळवली. "निकला जाऊ दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण धन्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं. ती पोर निळी होताना मीही बघितलीय, मुयाल."

मी बाहेर आले. खांबाची सावली एक हातावर आली होती.

४

मागच्या अंगणात जमिनीतला भट्टीखड्डा उकरून झाला होता. थडग्यात ठेवायची शिदोरी: मक्याच्या पिठाचे डोक्याएवढे गोळे, आत टर्कीचं मांस आणि घेवडा, पानांत बांधून रात्रभर तापल्या दगडांवर भाजलेले. टोपलीत पाच गाठोडी होती, चार तपकिरी, एक हिरवं, सगळी झाडाच्या सालीच्या दोरीनं नीट बांधलेली. शेजारी निक बसली होती. तिचा हात टोपलीच्या काठावर होता.

"निकअक्का, काल तू आत गेलीस तेव्हा कुत्रा जागेवर होता?"

"होता."

"शेवटची बाहेर पडलीस तेव्हा?"

"लक्ष नव्हतं." तिनं माझा हात पकडला. तिची पकड म्हातारीची नव्हती. "मुयाल, धनी तुझं ऐकतात. जाऊन सांग त्यांना, त्या पोरीला सोडा. तुन लहान आहे, तिला काय कळतंय? शेवटचा घोट माझाच होता. मला पाठवा. पोरीचं आयुष्य पडलंय, माझं काय राहिलंय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी मान हलवली आणि निघाले.

दहा पावलांवर माझे पाय आपोआप थांबले.

५

विचार करायला मला चालावं लागतं. मी अंगणाच्या कडेकडेनं फिरू लागले, हाताला येईल ते वाजवत: भिंत, रांजण, दाराची चौकट.

सकाळपासून आम्ही सगळे एकच विचारत होतो, कुत्रा कुणाला हवा होता? आणि उत्तर येत होतं, कुणालाच नाही. विकता येत नाही, ठेवता येत नाही, दाखवता येत नाही. सोत्सला आपला वेगळा बनवायचा होता. धाकट्या बाईंना हवा होता, पण घरात ठेवायची भीती होती. मग नेला कशाला?

कुत्रा नसला की काय होतं? त्याची जागा रिकामी राहते. ती जागा माणसानं भरायची असते.

म्हणजे चोराला कुत्रा नको होता. जागा हवी होती.

कुणाला तिथे धाडायला? लेमला? त्या पोरीनं शेवटचा घोट दिला हे फक्त धाकट्या बाईंना माहीत होतं, आणि त्यांचं तिच्याशी काही वाकडं नाही. बाकी सगळा राजवाडा समजत होता की तो घोट निकनं दिला. निक स्वतःही तेच समजत होती. सकाळी धन्यांनी विचारलं तेव्हा ती बोलावण्याआधीच पुढे आली होती. विंचरलेले केस. नवाकोरा झगा. कोणती दासी बाईंच्या सुतकात नवा झगा घालते? जिला कुठेतरी जायचं असतं ती.

आणि आवाज. कारभाऱ्यांचे कान खरे होते. चाळीस वर्षांत एकच बाई तो कुत्रा खुळखुळ न होता झोपलेल्या माणसाच्या उशाशी नेत होती. टोपलीत फुलांखाली घेऊन ती कारभाऱ्यांच्या नाकासमोरून गेली असेल आणि त्यांनी वर मान करून विचारलंही असेल, झालं का गं?

मग कुत्रा कुठे? फोडला? निक आपला हात तोडून देईल, पण ते भांडं फोडणार नाही. पुरला? बाईंशिवाय? छे. बाईंना अंधारात कुत्र्याविना पाठवणं तिच्यानं होणारच नाही. ती स्वतः सोबतीला चालली असली तरी नाही. तिनं तो अशा ठिकाणी ठेवला असेल, जिथून तो बाईंबरोबरच जाईल.

चार तपकिरी गाठोडी. एक हिरवं. रात्रभर भट्टीत राहिलेलं पान हिरवं कसं राहील?

मी धावत सुटले. या वयात, या गुडघ्यांनी.

६

निक टोपली उचलून उठतच होती. मी तिच्या हातांखालून हिरवं गाठोडं काढून घेतलं आणि हलवलं.

खुळखुळ.

तिनं नाही म्हटलं नाही.

"मी सहा वर्षांची असताना मला तिच्याबरोबर पाठवलं," निक म्हणाली. "तिच्या लग्नात. मणी, पिसं, मी. तिच्या शेजारीच झोपले मी, पन्नास वर्षांपेक्षा जास्त. उद्यापासून मी कुणाची? तुनच्या दारात बसून मका दळू?"

"आणि लेम?"

"मला काय माहीत होतं, मुयाल? देवाशपथ! मला वाटलं मीच..."

"सकाळी कळलं ना! तेव्हापासून ती पोर रंगवली जातेय. तू एवढं बोलली असतीस, की कुत्रा इथे आहे!"

"बोलले असते तर मला मागं राहावं लागलं असतं." तिनं तोंडावर हात दाबला. "मी सांगणार होते. शेवटी सांगणार होते."

"शेवटी म्हणजे कधी? झाकण बसल्यावर?"

मला तिचा इतका संताप आला की हात उगारावासा वाटला, आणि तिची इतकी कीव आली की तो हात तिच्या खांद्यावर ठेवला. राजघराण्याच्या थडग्यातली वस्तू चोरणाऱ्याला देवळामागच्या कपारीत ढकलतात. तिथे ना कुत्रा, ना शिदोरी, ना बाई. तिला मरायचं होतं, पण असं नाही. चौकात धन्यांचे लोक झाकणाला दोर बांधत होते, त्यांचं हेऽऽ हो ऐकू येत होतं.

"चल," मी म्हटलं. "आणि मी जे बोलेन त्याला मान हलव."

चौकात सावली खांबाच्या पायाशी चिकटली होती. लेम कानांपर्यंत निळी. सोत्सला दोघींनी धरून ठेवलं होतं. मी गर्दीतून वाट काढली आणि धन्यांसमोर गाठोडं सोडलं. ओल्या पिठातून आधी फाटका कान बाहेर आला, मग काळा डाग.

चौकात एकच गलका झाला. सोत्सच्या तोंडून कसला आवाज निघाला ते मी सांगू शकणार नाही.

"चोरी झालीच नव्हती, धनी," मी म्हटलं. "निकअक्कानं काल संध्याकाळी तो पिठात बसवला, खाली नेताना पायऱ्यांवर आपटू नये म्हणून. थोरल्या बाईंच्या वस्तूंची काळजी तिलाच. आणि दुःखात, तीन दिवसांच्या जागरणात, ती ते साफ विसरली. वय झालंय."

धन्यांनी माझ्याकडे बघितलं. ते मूर्ख नाहीत. मग ते निककडे वळले.

"तू? विसरलीस? आईचं कानातलं हरवलं होतं तेव्हा तू ते नदीच्या तळातून काढलं होतंस. तू कधी काही विसरल्याचं मला आठवत नाही."

निक ताठ उभी होती. तिला खरं सांगता आलं असतं. कुत्रा मिळाला होता, लेम सुटली होती, तिच्या एका शब्दानं आता फक्त तिचं स्वतःचं वाईट झालं असतं, आणि मला वाटतं तिला त्याची पर्वा नव्हती. पण मग मी धन्यांशी खोटं बोलले हेही उघड झालं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं. लेमकडे बघितलं. मग साऱ्या राजवाड्यासमोर मान खाली घातली.

"विसरले, धनी," ती म्हणाली. "म्हातारी झाले."

मागून कोणीतरी दासी फिसकन हसली.

धन्यांनी कुत्रा उलटा धरला, हरणाच्या शिंगाचं टोक तळाला लावलं आणि एक ठोका मारला. मातीचा छोटा तुकडा आत पडला. मग कुत्रा खाली गेला, पायरीपायरीला खुळखुळत, आणि झाकण बसलं.

लोक पांगले. निक झाकणाशेजारी तशीच उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं वळूनही पाहिलं नाही.

"तू सगळं शोधून काढतेस ना?" ती म्हणाली. "मग सांग. उद्या पहाटे उठून मी काय करू?"

मी तिथेच उभी राहिले, मला न जमणाऱ्या रीतीनं, न हलता. पलीकडे रांजणापाशी सोत्स लेमचे कान वाळूनं खसाखसा घासत होती आणि लेम ओरडत होती, "आई, दुखतंय! आई गं, सोड!" आणि सोत्स काही तिला सोडत नव्हती.